उपयोगाचा रकाना

आधी डायरीबद्दल मीच सांगतो, कारण नंतर तिच्याबद्दल सगळ्यांनी वाटेल ते सांगितलं. निळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, बावीस वर्षं जपलेली. तिच्यात मी इंग्रजी वाक्प्रचार लिहून ठेवलेत. एक हजार एकशे चाळीस. नुसते लिहिलेले नाहीत, लावून ठेवलेत: जनावरांचे वेगळे, हवामानाचे वेगळे, शरीराच्या अवयवांचे वेगळे. मी एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदावर क्रमांक घालायचा आणि गेलेल्या कागदाची प्रत ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे डायरीतही प्रत्येक वाक्प्रचाराला क्रमांक आहे आणि पानावर तीन रकाने आहेत. पहिला वाक्प्रचाराचा, दुसरा अर्थाचा, तिसरा उपयोगाचा. तिसरा रकाना बहुतेक कोरा आहे. उपयोग करायची वेळच आली नाही, त्याला मी काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, हा छंद कशाला? अहो, माणूस बोलतो कसा त्यावरून तो घाबरतो कसा ते कळतं. इंग्रज घाबरला की त्याच्या पोटात फुलपाखरं उडतात. आपल्या पोटात गोळा येतो. फुलपाखरं निदान थोड्या वेळाने कुठेतरी बसत असतील. गोळा हलत नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. पुढचे तीन आठवडे तो गोळा माझ्या पोटात होता.

झालं असं की बायकोच्या इस्पितळात नोटीस लागली. तिथे ऑपरेशनची अवजारं धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची एक खोली आहे. त्या खोलीत ती नऊ वर्षं हंगामी म्हणून काम करते. आता एक जागा कायम होणार होती. एकच. वयाची अट पंचेचाळीस, आणि तिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे यंदा झालं तर झालं. हे आम्ही दोघांनीही मोठ्याने म्हटलं नाही, पण त्या संध्याकाळी तिने एकाच उशीच्या अभ्र्याची घडी तीनदा घातली.

अर्जाबरोबर एक मनोगत जोडायचं होतं. नवीन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणून मनोगतही इंग्रजीत. दोनशे पन्नास शब्दांच्या आत. खाली सही: ‘वरील मजकूर माझ्या स्वतःच्या शब्दांत आहे.’

बायकोने पाच मिनिटांत लिहून आणलं. ‘आय वॉश इन्स्ट्रुमेंट्स. आय काउंट. इन नाइन इयर्स नॉट वन इन्स्ट्रुमेंट इज मिसिंग. प्लीज मेक मी परमनंट.’

“हे काय आहे?” मी म्हणालो. “किराण्याची यादी?”

“मग तुम्ही लिहा,” ती म्हणाली. “पण सही मला करायची आहे, एवढं लक्षात ठेवा.”

मी ते लक्षात ठेवलं नाही. मी डायरी काढली.

डायरी निघाली हे कसं कोण जाणे खालच्या मजल्यावर कळलं, आणि हेडसर वर आले. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून ज्यांचं समाधान झालेलं नाही असे. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या दारातून विमावाले आले. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण समोरच्याने सही कशी करावी हे येतं. दोघे सोफ्यावर बसले, मुलगी कॉम्प्युटरपुढे टाइप करायला बसली आणि बायको स्वयंपाकघरात गेली. ज्या बाईचं मनोगत, ती सोडून सगळं घर ते लिहायला बसलं.

“सुरुवात हृदयापासून,” हेडसर म्हणाले. “फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट.”

“आणि शेवटी बोगदा पाहिजे,” विमावाले म्हणाले. “लाइट ॲट द एंड ऑफ द टनल. आमच्या पत्रकात असतो. माणूस हळवा होतो.”

“बोगद्यात समोरून उजेड दिसला तर गाडीही असू शकते,” हेडसर म्हणाले. त्यावर दोघांचं वीस मिनिटं वाजलं. शेवटी बोगदा राहिला, पण हेडसरांनी त्याच्या मोबदल्यात ‘बॅकबोन’ घालून घेतला. ‘ॲज अ वाइफ अँड मदर’ हे माझं. मी ‘बर्निंग द मिडनाइट ऑइल’ही घातलं. इंग्रज माणूस मेहनत करताना तेल जाळतो आणि आपण डोळ्यांत घालतो. मला पहिलं जास्त सुसंस्कृत वाटतं.

बायको चहा घेऊन आली. “हे मध्यरात्रीचं तेल काय आहे? माझी ड्यूटी सकाळी सात ते तीन.”

“अगं, ते अलंकारिक आहे.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं नाही. अलंकारिक.”

“फरक काय?”

मी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी चहाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

तिने पडद्यावरचा सगळा मजकूर उभ्या उभ्या वाचला. एका ओळीपाशी थांबली. ‘आय लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड.’ डायरीत क्रमांक सहाशे बारा.

“ह्याचा अर्थ?”

“एकही दगड उलटून बघायचा ठेवला नाही. म्हणजे शोधायचं ते शेवटपर्यंत शोधलं.”

“हं,” ती म्हणाली. “हे राहू दे.”

मला बरं वाटलं. निदान एका ठिकाणी तिची अभिरुची दिसली.

आता आकडा. मुलीने सांगितलं, चारशे बारा शब्द. तिथून रक्तपात सुरू झाला. प्रत्येक वाक्प्रचाराला बाप होता आणि बाप सोफ्यावर बसलेला होता. विमावाले बोगद्यातून हटेनात, हेडसर पाठीच्या कण्याला हात लावू देईनात. मग जे कुणाचंच नव्हतं ते कापायला लागलो. वाफेच्या यंत्राचं तापमान गेलं. कापडाच्या दोन घड्या का घालायच्या ते गेलं. रात्री पावणेनऊला आम्ही दोनशे अठ्ठावन्नावर अडकलो. सगळ्यांची डोकी तापलेली, शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली, आणि बायको दारात उभी राहून काहीतरी बोलत होती. “त्या दिवशी आर्टरीचा एक चिमटा कमी भरला ना, तेव्हा मी खालपासून वरपर्यंत–”

“थांब गं जरा! दोनशे अठ्ठावन्न!” मी ओरडलो. “आठ शब्द काढायचेत!”

ती थांबली. मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. “बाबा, हे वाक्य बरोबर आठ शब्दांचं आहे.”

‘इन नाइन इयर्स नॉट वन इन्स्ट्रुमेंट इज मिसिंग.’ खरंच आठ. शिवाय व्याकरणातही जरा लंगडं. मी ते काढलं. दोनशे पन्नास! विमावाल्यांनी टाळी दिली. बायकोने मुकाट्याने सही केली आणि कप उचलून नेले.

सकाळी मी कचेरीला अर्धी रजा टाकली आणि इस्पितळासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच प्रती काढल्या. पाच कशाला? एक अर्जाला, एक घरच्या फायलीला, एक माझ्या कचेरीतल्या फायलीला, एक हेडसरांना हवी होती, आणि एक जास्तीची. जास्तीची प्रत नसली की मला झोप लागत नाही. त्यातली एक जरा काळपट आली, म्हणून सहावी काढावी लागली. ती काळी प्रत मी दुकानातच टाकून आलो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी कुठे कागद मागे ठेवलेला नाही. तो एक ठेवला.

खिडकीवरच्या कारकुनाने शब्द मोजायला घेतले. पेन्सिलीच्या टोकाने, एकेक. घड्याळात बारा चाळीस, खिडकी बंद व्हायची वेळ एक. एकशे नव्वदला त्याला फोन आला. फोन ठेवून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी स्वतः खिडकीच्या आत बसणारा माणूस. बाहेर उभं राहिल्यावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. बारा सत्तावन्नला तो म्हणाला, “दोनशे पन्नास,” आणि शिक्का मारला. मी पोच घेतली आणि बाहेर येऊन पायरीवरच बसलो.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी बायको घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. इस्पितळाच्या फळ्यावर नोटीस होती. एका जागेसाठी आलेल्या अकराच्या अकरा अर्जांतील मनोगते एकसारखी आढळल्यामुळे सर्व उमेदवारांची सोमवारी सुनावणी. समाधानकारक खुलासा न झाल्यास भरती रद्द करून सहा महिन्यांनी नव्याने जाहिरात.

सहा महिन्यांनी. मी बोटांवर मोजायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, “मोजू नका. मी मोजलंय.”

मी तडक झेरॉक्सच्या दुकानात गेलो. काचेवर, ‘अर्जाचा नमुना’ अशा लाल अक्षरांखाली, माझी काळी प्रत चिकटवलेली होती. सही तेवढी कागद लावून झाकली होती.

“तुमचं इंग्रजी एवढं भारी, साहेब,” दुकानदार अगदी मनापासून म्हणाला. “लोक येऊन विचारायचे, काय लिहू, काय लिहू. म्हटलं, तुमच्यामुळे चार जणांचं भलं होईल.”

मला त्याच्यावर ओरडता येईना. सत्य सांगायचं तर, एक क्षणभर मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं काही छापून लोकांनी वाचलं होतं. दुसऱ्या क्षणी त्याने सांगितलं की इस्पितळातले लोक चौकशीला येऊन गेले आणि त्याने माझं वर्णन दिलं. “मधे भांग, हातात निळी डायरी. बरोबर ना?”

त्यामुळे सुनावणीला मलाही बोलावणं आलं, ‘मूळ मजकुराशी संबंधित व्यक्ती’ म्हणून. हेडसरांना बरोबर या म्हटलं, तर ते म्हणाले, “मी फक्त विरामचिन्हं पाहिली होती.” विमावाल्यांच्या दाराला शनिवारपासून कुलूप. बोगद्यातून सगळ्यात आधी तेच बाहेर पडले.

रविवारी मी बायकोला शिकवणी सुरू केली. “तू सांग, मीच लिहिलंय. बाकीच्यांनी काचेवरून उतरवलं. तुझं मूळ आहे, हाच आपला मुद्दा.”

“पण मी लिहिलेलं नाही.”

“सही तुझी आहे.”

“म्हणूनच,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातली फडकी तिने इतकी घट्ट पिळली की पाणी माझ्या पायांवर उडालं. मला भीती वाटत होती ती हीच. खरं बोलली तर स्वतःच्या सहीखाली खोटं लिहिलं म्हणून एकटी बाद होणार. खोटं बोलली तर तिला रात्रभर झोप येणार नाही. आणि दोन्ही माझ्यामुळे.

सोमवारी अकरा उमेदवार भिंतीला लागून बाकांवर बसले. मी शेवटच्या खुर्चीत, डायरी मांडीवर. टेबलामागे तिघे: अधीक्षकबाई, आस्थापना अधिकारी आणि एक पिकल्या केसांचे सर्जन, जे सारखे घड्याळ बघत होते.

आस्थापना अधिकाऱ्यांनी एकेक मनोगत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट. फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट. अकरा वेळा तळापासून, अकरा वेळा पाठीचा कणा, अकरा बोगदे. माझीच वाक्यं, पण पाचव्या वेळेपासून मला ती ऐकवेनात. एका मिशाळ गृहस्थांनी ‘ॲज अ वाइफ अँड मदर’ हेही तसंच ठेवलं होतं. कुणी हसलं नाही. खोलीत हसण्यासारखी हवाच नव्हती.

“हे कुणाचं आहे?” अधीक्षकबाईंनी विचारलं.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. पण माझ्याआधी बायको उभी राहिली होती.

“हे मी लिहिलेलं नाही, मॅडम,” ती म्हणाली. “ह्यांनी लिहिलं. सही मी केली. चूक माझी आहे.”

आस्थापना अधिकाऱ्यांनी लगेच पेन उघडलं. “म्हणजे घोषणापत्र खोटं.”

“थांबा,” अधीक्षकबाई म्हणाल्या. “अकराही जणांचं खोटं आहे. एकीने कबूल केलं म्हणून फक्त तिला काढायचं का?”

“मग भरती रद्द,” अधिकारी म्हणाले. त्यांना त्यात काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त एक फाइल बंद करायची होती, आणि ते मला पुरेपूर समजत होतं; मीही आयुष्यभर तेच केलंय.

मी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत नव्हती. ती टेबलावरच्या कागदांकडे बघत होती, मोजत असल्यासारखी.

तेवढ्यात सर्जनांनी घड्याळावरून नजर काढली. “ह्या मजकुरातलं एकेक वाक्य प्रत्येकाने निवडावं,” ते म्हणाले, “आणि आपल्या कामात त्याचा उपयोग काय ते सांगावं. कुठल्याही भाषेत. दोन मिनिटं. अकरा जणांची बावीस मिनिटं, मला तेवढाच वेळ आहे.”

उपयोग! मी डायरी घट्ट धरली. तिसरा रकाना.

मिशाळ गृहस्थ पहिले. “छान वाटलं म्हणून ठेवलं, साहेब,” एवढंच म्हणून ते बसले. मला ते प्रामाणिक वाटले. एकीने मध्यरात्रीचं तेल घेतलं आणि तिला रडू आलं. एकाने बोगदा घेतला आणि बोगद्यातच राहिला. नववा नंबर बायकोचा.

“आय लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड,” ती म्हणाली. उच्चार अगदी माझ्यासारखा नव्हता. मी मनातल्या मनात सुधारला आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

“मागच्या वर्षी पोटाच्या ऑपरेशनचा ट्रे खाली आला. कागदावर आर्टरी चोवीस, सही केलेली. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा. मी मोजले, तेवीस. परत मोजले, तेवीस. मी वर ऑपरेशन थिएटरला फोन केला. वरून सांगितलं, वर बरोबर होते, तूच हरवलास. मग मी कपड्यांचं गाठोडं सोडलं, एकेक कपडा झटकला. कचऱ्याच्या पिशव्या उघडल्या. ट्रॉली उलटी केली. मोरीची जाळी काढली. यंत्राच्या मागे हात घालून बघितलं, हा इथे भाजला.” तिने मनगट वर केलं. तो डाग मी रोज बघतो. मला वाटलं होतं, पोळपाटाशी काहीतरी झालं असेल. “सगळं बघून झालं. मग एकच जागा राहिली, जिथे मी बघितलं नव्हतं.”

तिने मनगट खाली घेतलं.

“मी परत फोन केला. म्हटलं, पेशंटच्या पोटाचा एक्स-रे फोटो काढा. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही घरी जा. मी गेले नाही. मास्क लावून वर गेले आणि त्या पेशंटच्या खाटेपाशी उभी राहिले. म्हटलं, फोटो काढल्याशिवाय हलणार नाही. कामावरून काढलं तरी चालेल. हंगामीच आहे मी.” ती सर्जनांकडे न बघता पुढे म्हणाली, “काढला फोटो. आत होता. त्याच दिवशी परत उघडलं. पेशंट नवव्या दिवशी चालत घरी गेला. मला ह्या वाक्याचं इंग्रजी माहीत नव्हतं. काम माहीत होतं. बस.”

“डॉक्टर कोण?” आस्थापना अधिकाऱ्यांनी पेन सरसावलं.

“ते मी सांगणार नाही.”

“मी सांगतो,” सर्जन म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. “आणि मी ‘बाई, घरी जा’ नाही म्हणालो. त्याहून वाईट म्हणालो होतो. त्या वेळी मास्कमध्ये कोण आहे तेही मी विचारलं नाही.” मग अधीक्षकबाईंकडे वळून म्हणाले, “उरलेल्या दोघांचं ऐकून घेऊ. त्यांचा हक्क आहे. मला आता घाई नाही.”

गुरुवारी फळ्यावर तिचं नाव लागलं. हेडसर पेढे नाही तरी निदान बिस्किटं मिळावीत म्हणून वर आले आणि म्हणाले की विरामचिन्हांचाही त्यात वाटा आहेच. विमावाल्यांचं कुलूप उघडलं. मी दोघांना बिस्किटं दिली, पण डायरी बाहेर काढली नाही.

ते गेल्यावर मात्र काढली. सहाशे बाराव्या क्रमांकापुढचा रकाना कोरा होता. बायको खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. तिच्या मनगटावरच्या डागाकडे माझी नजर गेली. मला राग आला होता. तिचा नाही, पण निघाला तिच्यावरच.

“एवढं सगळं झालं आणि मला कधी सांगितलं नाहीस?”

“सांगत होते की,” ती म्हणाली. “तुम्ही तेव्हा शब्द मोजत होतात.”

मी सोफ्यावर बसून डायरी मांडीवर घेतली. मग पेनाचं टोपण काढलं आणि म्हणालो, “आता सांग. पहिल्यापासून.”

तिने दोरा दातांनी तोडला.

“किती शब्दांत?”